लंडनहून विजयदुर्गाचं जुनं चित्र मागवायचंय : ड्युटी, भाडं आणि गावापर्यंतचा खर्च

पडवीतला :
मंडळी नमस्कार. विजयदुर्गाजवळ आमचं जुनं घर आहे. माडी दुरुस्त करून दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. भिंतीवर बाजारात मिळणारी छापील पोस्टरं लावायची नाहीत असं घरात ठरलंय. शोधता शोधता परदेशातल्या तीन वस्तू डोक्यात बसल्या:

एक, लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे 'घेरिया'चं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला, त्यानंतरच्या काळातलं. किंमत १८० पौंड, कुरिअर ३५.
दोन, एक पितळी सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजून जहाज कुठे आहे ते काढायचं यंत्र), लाकडी पेटीसकट, २४० पौंड. त्यावर 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७' असं कोरलंय.
तीन, जहाजाच्या ब्रिजवरचा इंजिन टेलिग्राफ (खाली इंजिनरूमला वेगाचा हुकूम द्यायचं हँडलाचं यंत्र), ग्लासगोचा. उभा खांब, वजन ४५ किलो, ६५० पौंड. विक्रेता म्हणतो समुद्रमार्गे भाडं 'अगदी किरकोळ' आहे.

ड्युटी किती बसते, आणि माल मुंबईत न अडकता देवगड तालुक्यात पोचतो का? ज्यांनी स्वतः मागवलंय त्यांनी लिहा. 'परदेशी कशाला हवं' हा वेगळा धागा काढा. :)

कोकम_सरबत :
कुरिअरने मागवू नका एवढंच सांगते. आमच्या ओळखीत एकाने जुनी चिनी मातीची बशी मागवली, तर वस्तूच्या पाऊण किमतीइतका कर भरला.

नाव्हाशेवा_नाना :
कोकमताई, ते ७७.२८% असणार. आकडा काही वर्षं पाठ होता आम्हाला. ३५% मूळ ड्युटी, त्यावर सरचार्ज, त्यावर २८% आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. पण हा अँटिकचा दर नव्हे. पोस्टाने किंवा विमानाने 'वैयक्तिक वापरासाठी' आलेल्या मालाचं एक सरसकट खातं असतं, शीर्षक (कस्टम्सच्या दरपत्रकातला मालाचा गट) ९८०४, त्याचा हा दर. २०२५ च्या बजेटमध्ये तिथली मूळ ड्युटी ३५ वरून २० वर आणली. तरी अजूनही हे खातं अँटिकच्या खात्यापेक्षा महागच आहे.

मी क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायच्या धंद्यात आयुष्य काढलंय, आता उरणला घरी बसून नातवंडं सांभाळतो. पडवीतले, तुमचा प्रश्न 'ड्युटी किती' असा विचारू नका. 'माझा माल कुठल्या शीर्षकात बसतो' असं विचारा. कुरिअरवाल्याचा पोरगा दिवसाला शेकडो पाकिटांची बिलं भरतो. पावतीवर 'ओल्ड पिक्चर' एवढंच असलं तर तो ९८०४ टाकून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे दुसरा कागदच नसतो.

कस्टम्स टॅरिफचा ९७ वा अध्याय बघा. ९७०१ चित्रं, ९७०२ मूळ एनग्रेव्हिंग आणि लिथोग्राफ, ९७०३ शिल्पं, ९७०५ ऐतिहासिक वगैरे महत्त्वाच्या संग्रहाच्या वस्तू, ९७०६ शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू. मूळ ड्युटी १०%, त्या ड्युटीवर १०% समाजकल्याण अधिभार. आयजीएसटी आधी १२% होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५% झाला. सगळं मिळून आधी २४.३२% बसायचं, या दरांनी १६.५५% बसतं.

पडवीतला :
नाना, धन्यवाद! मग १८० पौंडांवर १६.५५% म्हणजे साधारण ३० पौंड?

नाव्हाशेवा_नाना :
नाही. ड्युटी वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वस्तू, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर बसते. हिशेब करून दाखवतो. पौंड ११५ रुपये धरतो. प्रत्यक्षात कस्टम्सचा स्वतःचा जाहीर दर लागतो, तुमच्या बँकेचा नाही.

चित्र १८० पौंड म्हणजे २०,७००.
कुरिअर ३५ पौंड म्हणजे ४,०२५.
विम्याचा कागद नसेल तर ते १.१२५% धरतात, म्हणजे २३३.
बेरीज २४,९५८.
मूळ ड्युटी २,४९६, अधिभार २५०, मग या सगळ्यावर ५% आयजीएसटी १,३८५.
एकूण कर साधारण ४,१३१.

कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कर भरते म्हणून तिची फी वेगळी, त्यावर परत जीएसटी. छोट्या पाकिटात ही फीच टोचते. म्हणून मागवताना विचारायचं की क्लिअरन्सचे किती घेणार.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. विमानाने आलेल्या मालाचं भाडं कितीही असो, मूल्यांकनात ते वस्तूच्या किमतीच्या २०% पेक्षा जास्त धरायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही १०० पौंडांच्या वस्तूला ९० पौंड कुरिअर भरलंत तर ड्युटीसाठी २० च धरायचे. बिल आलं की हा आकडा तपासा.

खाडीपलीकडे :
चित्र ९७०२ मध्ये की ९७०६ मध्ये? दोन्हीत बसतं की.

नाव्हाशेवा_नाना :
आधीच्या शीर्षकात बसत असेल तर ९७०६ ला जायचं नाही, म्हणून मूळ एनग्रेव्हिंग असेल तर ९७०२. पण दर सारखाच असल्याने अधिकाऱ्याशी यावर वाद घालण्यात काही राम नाही. वाद घालायचा तो ९८०४ मधून बाहेर काढण्यासाठी. अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर लेखी आदेश मागा. फेरमूल्यांकन तुम्हाला मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणांसह आदेश देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो हातात आला की साठ दिवसांत अपील. अर्थात चार हजारांसाठी कोण करतो! बहुतेक वेळा 'लेखी द्या' म्हटल्यावरच माणूस कागद परत एकदा नीट वाचतो.

चौथा_इंजिनीअर :
सध्या जहाजावर आहे, नेट चाललं तर पूर्ण लिहितो.

पडवीतले, सेक्स्टंट घेऊ नका. 'केल्विन अँड ह्यूज, १९१७' हे नाव आणि साल एकत्र असूच शकत नाही. केल्विनची कंपनी वेगळी आणि हेन्री ह्यूजची वेगळी होती, त्या एकत्र आल्या १९४७ मध्ये. १९१७ कोरलेले हे सेक्स्टंट शोभेच्या वस्तू म्हणून बनतात आणि जगभर 'अँटिक' म्हणून विकले जातात. आणि बनतात कुठे? पितळी होकायंत्रं, दुर्बिणी, सेक्स्टंट यांच्या नकलांचं आपल्याकडचं मोठं केंद्र म्हणजे उत्तराखंडातलं रुडकी. म्हणजे रुडकीहून लंडनला गेलेली वस्तू तुम्ही भाडं आणि ड्युटी भरून विजयदुर्गाला आणणार.

खरा सेक्स्टंट ओळखायचा तर कमानीवरचे आकडे बघा, किती बारीक आणि सरळ कोरलेत ते. व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर ड्रम खरोखर चालतो का, आरसे सरळ करायचे स्क्रू आहेत का. पेटीच्या झाकणात बहुधा तपासणीचं प्रमाणपत्र चिकटवलेलं असतं, त्यावर त्या यंत्राचा क्रमांक आणि तारीख. नकलेला हे सहसा नसतं. असतो तो भरपूर चकचकाट.

मालवणी_वस्त :
काय रे पडवीतल्या, आजयेचो पितळी कंदील भंगारवाल्याक घातलास नि आता लंडनसून पितळ आणतंस? माका सांगलं असतंस तर मीच तुका १९१७ घालून दिलं असतंय. :D

पडवीतला :
वस्तकाका, कंदील अजून आहे, देवघरात. :) सेक्स्टंट रद्द. चौथे इंजिनीअर, तुमचे दोनशे चाळीस पौंडांइतके आभार. पण समजा खरा, नौदलाचा, १९४३ सालचा मिळाला तर?

खाडीपलीकडे :
मग तर सोपं. जुनी वस्तू आहे, ९७०६.

नाव्हाशेवा_नाना :
नाही हो! इथेच लोक अडकतात. ९७०६ साठी शंभर वर्षं *पूर्ण* व्हायला हवीत. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचा सेक्स्टंट म्हणजे कस्टम्सच्या भाषेत 'सेकंड हँड माल'. आणि परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून बाकीचा वापरलेला माल 'रिस्ट्रिक्टेड' आहे, म्हणजे परवाना लागतो. म्हणून १९४३ चा सेक्स्टंट आणायला १८४३ च्यापेक्षा जास्त त्रास. हे वाचून हसाल, पण गोदामात पडलेला माल सोडवताना हसू येत नाही. दंड भरून सोडवता येतो, कस्टम्स कायद्याच्या सेक्शन १२५ खाली. माल सोडवायचा दंड वेगळा, तुमच्यावरची पेनल्टी वेगळी, ड्युटी वेगळी.

चौथा_इंजिनीअर :
पण नाना, युद्धातलं उपकरण ९७०५ मध्ये 'ऐतिहासिक महत्त्वाची संग्रहाची वस्तू' म्हणून दाखवता येणार नाही का? आमच्या जहाजावरच्या एकाने असंच सोडवलं होतं म्हणतो.

नाव्हाशेवा_नाना :
दाखवता येईल. पटवता येईलच असं नाही. ऐतिहासिक महत्त्व म्हणजे 'मला आवडलं' नव्हे. अमुक जहाजावरचं, अमुक घटनेशी जोडलेलं, त्याचे कागद असे, हे दाखवावं लागतं. हजारोंनी बनलेल्या उपकरणातला एक नग असेल तर अधिकारी विचारणार, यात इतिहास कुठला? एखाद्याचं सुटलं म्हणून सगळ्यांचं सुटेल या भरवशावर पैसे पाठवू नका. माझं मत स्पष्ट आहे: शंभरीच्या आतली वस्तू परदेशातून मागवायचीच नाही. शंभरीच्या वरची असेल तर वय सांगणारा कागद आधी, पैसे नंतर.

तो कागद कसा हवा तेही लिहून ठेवा. विक्रेत्याच्या लेटरहेडवर वस्तूचं वर्णन, माप, कशाची बनली, कुठे बनली, आणि 'साधारण १८९०' असं साल. 'शंभर वर्षांहून जुनी' हे शब्द स्पष्ट हवेत. फोटो जोडलेला. पावतीवर शीर्षक क्रमांकही छापून घ्या. विक्रेते आनंदाने करतात, त्यांचे दोन मिनिटांचे काम.

कोकम_सरबत :
'गिफ्ट' म्हणून पाठवायला सांगितलं तर? माझी बहीण लेस्टरला असते, ती विकत घेऊन पाठवू शकते.

नाव्हाशेवा_नाना :
गिफ्टची सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून. आता गिफ्ट लिहिलं की ड्युटी तर भरायचीच, वर किंमत खोटी आहे असा संशय ओढवून घ्यायचा. आणि कृपा करून कमी किंमत लिहून आणायचा सल्ला इथे कोणी देऊ नका. त्याच चित्राची किंमत संकेतस्थळावर सगळ्या जगाला दिसते, अधिकाऱ्यालाही दिसते.

बहीण सुट्टीला येणार असेल तर ती गोष्ट निराळी. तिच्या सामानात आली तर बॅगेजचे नियम लागतात, आणि ठराविक मर्यादेपर्यंत काहीच ड्युटी नाही. २०१६ च्या नियमांत ती भारतीय प्रवाशाला ५०,००० होती. वीस हजारांचं चित्र त्यात आरामात बसतं. पण मर्यादेच्या वर गेलात तर तिथला सरसकट दर लागतो, आणि तो अनेक वर्षं ३८.५% होता, म्हणजे ९७०६ च्या दुपटीहून जास्त. मर्यादा आणि दर दोन्ही बदलतात, विमानात बसायच्या आधी बघून घ्या. थोडक्यात, छोटी स्वस्त वस्तू माणसाबरोबर, महाग वस्तू रीतसर मालवाहतुकीने.

चौथा_इंजिनीअर :
जहाजावरच्या पोरांसाठी: आपल्याला ही सवलत बंदरावर उतरलो की लगेच मिळत नाही. साइन-ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरचा करार संपवून घरी जाताना मिळते. मधल्या पोर्ट कॉलला फक्त किरकोळ भेटवस्तू.

पडवीतला :
भाचा एप्रिलमध्ये मँचेस्टरहून येतोय! चित्राचा प्रश्न सुटला बहुतेक. गुंडाळून नळीत आणलं तर चालेल का? की फ्रेमसकट?

जुने_कागद :
फ्रेम अजिबात नको. काच फुटते, फुटलेली काच चित्र फाडते, आणि वजन वाढतं ते वेगळंच. पण अडीचशे वर्षांचा कागद घट्ट गुंडाळायचाही नाही, त्याला चिरा पडतात. चित्र मासिकाच्या पानाएवढं असेल तर दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून बॅगेत. मोठं असेल तरच रुंद नळी, छापील बाजू बाहेर, मध्ये आम्लरहित पातळ कागद.

आणि चित्र खरं आहे का तेही विचारा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या कागदावर चौकटीभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा असतो, बोटाला जाणवतो. कागद उजेडापुढे धरला की जाळीच्या समांतर रेघा दिसतात. अशी बरीच चित्रं जुन्या मासिकांतून आणि पुस्तकांतून कापून काढलेली असतात. त्यात गैर काही नाही, पण मग मधे घडी आणि एका कडेला शिवणीची भोकं बऱ्याचदा असतात. विक्रेत्याने ती फोटोत दाखवली नसतील तर मागून घ्या. जलरंग नंतर भरलेत का हेही विचारा. रंगवलेलं जास्त विकलं जातं म्हणून काल-परवा रंगवलेली अठराव्या शतकातली चित्रं भरपूर आहेत.

नकाशा घेणाऱ्यांना एक सूचना. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आणायला मनाई आहे. जुन्या कोकण किनाऱ्याच्या सागरी चार्टवर कोणी ते लावू नये, पण पावतीवर नुसतं 'मॅप ऑफ इंडिया' असेल तर पाकीट उघडून बसतील. 'अठराव्या शतकातला सागरी चार्ट, मुंबई ते गोवा किनारा, ऐतिहासिक' असं लिहून घ्या.

पडवीतला :
भारीच. आता टेलिग्राफ. विक्रेत्याने खात्रीचा कागद दिलाय, १९०५ च्या सुमाराचा. म्हणजे शंभरीच्या वर. नाना, समुद्रभाडं खरंच किरकोळ असतं का?

नाव्हाशेवा_नाना :
असतं. मुद्दाम असतं.

तुमचा नग एकट्यासाठी कंटेनर लागणार नाही, तो दहा जणांच्या मालाबरोबर येणार. याला एलसीएल म्हणतात. भाडं घनमीटरवर. तुमची पेटी समजा ६० × ६० × १२० सेंटीमीटर, म्हणजे ०.४३ घनमीटर. पण कमीत कमी एक घनमीटरचे पैसे घेतात. इंग्लंडमधला एजंट भाडं जवळपास फुकट सांगतो, कारण त्याला कमाई इकडच्या टोकाला करायची असते. माल नाव्हाशेव्याला लागला की इथला एजंट डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल ताब्यात द्यायची चिठ्ठी) द्यायच्या आधी बिल हातात देतो: डीओ फी, कंटेनर फोडायचा खर्च, हाताळणी, कागदपत्रं, 'इतर'. मग सीएफएसचं, म्हणजे कंटेनर जिथे उतरतो आणि फुटतो त्या गोदामाचं बिल. मग कस्टम्स ब्रोकरची फी. त्याला वस्तू पाच पौंडांची की पाच हजारांची याने फरक पडत नाही, काम तेवढंच. ६५० पौंडांच्या वस्तूवरची ड्युटी तुम्हाला बारा-तेरा हजार दिसेल. हे सगळं मिळून त्याहून जास्त गेलं तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून तिकडच्या एजंटला एकच मेल करायचा: 'नाव्हाशेव्यातले सगळे डेस्टिनेशन चार्जेस लेखी, रुपयांत पाठवा.' नाही पाठवलं तर दुसरा एजंट. आणि गोदामात मोफत दिवस थोडे असतात, त्यानंतर मीटर चालू. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे भरायचा तपशील) जहाज लागण्याआधीच भरता येतं, ते भरायचं. केवायसीची कागदपत्रं आधीच ब्रोकरकडे द्यायची.

खाडीपलीकडे :
विमानाने आणला तर?

नाव्हाशेवा_नाना :
विमानवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. कुरिअरमध्ये लांबी × रुंदी × उंची भागिले ५०००. पडवीतल्यांच्या पेटीचं ते होतं ८६ किलो. म्हणजे ४५ किलोच्या पितळाबरोबर ४१ किलो हवेचं भाडं. खांब आणि डोकं वेगळं करून दोन बुटक्या पेट्या केल्या तर आकडा बराच खाली येईल. एक घनमीटरच्या किमान भाड्यामुळे समुद्रात या खटपटीने काही वाचत नाही, हवेत वाचतं.

पेटी लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवाच. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं, कीड येऊ नये म्हणून. शिक्का नसला की क्वारंटाइनवाले अडवतात, आणि तो खर्चही तुमचाच.

चौथा_इंजिनीअर :
विमा विसरू नका, आणि फुटण्या-चोरीपुरता नको, पूर्ण मरीन कव्हर घ्या. कारण 'जनरल अॅव्हरेज' नावाचा प्रकार असतो. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या मालाच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमची पेटी धडधाकट असली तरी. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवं अडकलं, त्यानंतर हेच जाहीर झालं होतं. विमा असला की विमा कंपनी हमी देते. नसला तर अनामत भरेपर्यंत माल मिळत नाही.

शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. एजंटने सांगितलेल्या दिवसांवर घरभरणीचा मुहूर्त काढू नका.

मालवणी_वस्त :
आता माझा ऐका, चेष्टा नाय. नाव्हाशेव्यापासून देवगडापर्यंत एका पेटीसाठी टेम्पो केलंस तर मेलंस. एप्रिल-मे महिन्यात आमचे आंब्याचे टेम्पो वाशीक पेटये उतरवतत नि रिकामे परत येतत. चालवणाऱ्याक डिझेलचे पैसे सुटले तरी तो खूश. तुझी पेटी उरणाहून वाशीपर्यंत कोणाकडून तरी आणून घे, थयसून माझो माणूस हाडीत. फक्त जून लागायच्या आत. पावसात हायवेवर पितळ काय नि हापूस काय, दोघांचा सारखाच लोणचा.

पडवीतला :
काका, हे या धाग्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य. जहाज मार्चअखेर लागेल असं बघतो.

खाडीपलीकडे :
एक व्यावहारिक शंका. खोल्या भाड्याने देणार म्हणजे धंदा. मग 'वैयक्तिक वापर' कसा?

नाव्हाशेवा_नाना :
बरोबर हेरलंत. घरच्या वापरासाठी मागवणाऱ्याला आयात-निर्यात कोड लागत नाही. पण होमस्टेच्या नावाने, धंद्याच्या खात्यातून पैसे दिले तर कोड काढून ठेवलेला बरा. ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. चित्र भाच्याच्या बॅगेतून येतंय ते घरचंच, टेलिग्राफ मात्र कोडावर आणा.

जुने_कागद :
लिलावातून घेणाऱ्यांसाठी. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. १०० पौंडांवर हातोडा पडला, खरेदीदाराचा प्रीमियम २५% असला, आणि त्या प्रीमियमवर ब्रिटनचा २०% व्हॅट, तर बिल १३० चं. निर्यातीचा पुरावा दिला तर व्हॅट परत मिळू शकतो, आधी विचारून घ्या. कस्टम्सपुढे पूर्ण बिल ठेवायचं, नुसती हातोड्याची किंमत नाही. ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनी सांस्कृतिक वस्तू ठराविक किमतीच्या वरची असेल तर त्यांचा निर्यात परवानाही लागतो. आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये तो प्रश्न सहसा येत नाही, पण विक्रेत्याकडून तसं लेखी घ्यावं.

सडा_आणि_कातळ :
वाचतोय, छान चर्चा. मला एक मराठा धोपाची तलवार दिसलीय, अमेरिकेत. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने आणली तशी आपण आणू शकतो का?

जुने_कागद :
ती २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने घेतली. सगळा खर्च धरून सत्तेचाळीस लाखांच्या आसपास, आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आली. सार्वजनिक संग्रहालयात मांडण्यासाठी आणलेल्या पुरातन वस्तूंना ड्युटीची माफी असते, ती तुम्हा-आम्हाला नाही. शिवाय नऊ इंचांहून लांब पात्याचं धारदार हत्यार शस्त्र कायद्यात येतं. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, मग बोली लावा.

आणि पुरातन वस्तू कायदा १९७२ चा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परदेशातून आणलेली वस्तू आवडली नाही म्हणून परत पाठवू, हा विचार करून मागवू नका. आत येण्याचा रस्ता आहे, बाहेर जाण्याचा जवळजवळ नाहीच. शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही करावी लागते. आयातीचे कागद त्या वेळी उपयोगी पडतात, फेकू नका.

कोकम_सरबत :
बहिणीने जुना पियानो बघून ठेवलाय, पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती आहेत म्हणे. तो?

नाव्हाशेवा_नाना :
हस्तिदंत असेल तर विषय संपला. आयात बंद आहे, वस्तू किती का जुनी असेना. आणि ब्रिटनचाही हस्तिदंताचा कायदा जून २०२२ पासून लागू आहे, तिकडेही नोंदणीशिवाय विक्री नाही. कासवाच्या पाठीचं जडावकाम, प्रवाळ, जुन्या खोक्यांवरचं चामडं, काहीही प्राणिजन्य असेल तर आधी फोटो इथे टाका.

पडवीतला :
ठरलं ते लिहितो. चित्र: विक्रेता भाच्याच्या पत्त्यावर पाठवणार, भाचा पुठ्ठ्यात सपाट आणणार, पावती त्याच्या नावाची आणि खिशात. टेलिग्राफ: दोन एजंटांकडे नाव्हाशेव्यातल्या खर्चाचा लेखी आकडा मागितलाय. एकाने दिला, एक 'नंतर सांगू' म्हणतोय, त्याला सोडला. कोडासाठी अर्ज करतोय. आकडा माझ्या बजेटच्या वर गेला तर वस्तकाका म्हणतात तसा अलंगला जाऊन येईन.

चौथा_इंजिनीअर :
अलंगचं काका कधी म्हणाले? ते मी म्हणणार होतो! गुजरातेत अलंगला जहाजं तुटतात, बाहेरच्या रस्त्यावर दुकानांची रांगच आहे. टेलिग्राफ, पोर्टहोल, दिवे, घंटा सगळं मिळतं. शंभर वर्षं जुनं नसेल, पण खऱ्या जहाजावर वापरलेलं असेल, आणि ना ड्युटी ना डीओ. परदेशातल्या दुकानांत दिसणारा बराच माल तिथूनच गेलेला असतो. तुम्हाला १९०५ चाच हवा असेल तर ग्लासगो. पाहुण्यांच्या पोरांना हँडल फिरवायला हवं असेल तर अलंग.

पडवीतला :
पोरं फिरवणारच. विचार करतो.

नाव्हाशेवा_नाना :
काहीही करा, भाच्याला फोन करून सांगा की विक्रेत्याने पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं असेल तर ते पाकीट बॅगेत आणू नकोस. तिकडची माणसं प्रेमाने लिहितात, आणि इथे विमानतळावर कस्टम्सच्या तपासणीच्या रांगेत, रेड चॅनेलवर, भाचा अर्धा तास उभा राहतो.